मार्टिन लूथर आणि शेवटचा दिवस

आपल्या मंडळ्यांमध्ये कोणाच्या घरी मरण आले म्हणजे एक गोष्ट बहुधा घडते. पेटी अंगणात ठेविलेली असते. आई पेटीच्या कडेला डोके टेकून आक्रोश करीत असते. आणि कोणी वडीलधारे माणूस पुढे होऊन तिला दटाविते की, आपण ख्रिस्ती माणसे, आपणांस पुनरुत्थानाची आशा आहे, तेव्हा रडणे आपणांस शोभत नाही. दटाविणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. परंतु त्या घडीपासून ती माउली एकाच्या जागी दोन ओझी वाहू लागते. एक लेकराच्या वियोगाचे, आणि दुसरे, आपला विश्वास थिटा पडला की काय, ह्या शंकेचे. प्रस्तुत लेखकही आपल्या पाळकपणाच्या आरंभीच्या वर्षांत असेच दटावीत असे. आज त्याचे त्याला वाईट वाटते.

ज्याने शेवटच्या दिवसाविषयी इतरांपेक्षा अधिक विचार केला, त्या दिवसाला जो प्रथम अतिशय भ्याला व पुढे ज्याने त्याची आनंदाने वाट पाहिली, अशा एका पुरुषाचे चरित्र ह्या बाबतीत आपणांस मार्गदर्शक होईल असे वाटते. तो पुरुष म्हणजे मार्टिन लूथर. त्याने पोपसाहेबांशी केलेला वाद सर्वांस ऐकून ठाऊक आहे. त्याच्या घरातील मरणे मात्र थोड्यांस ठाऊक आहेत.

मार्टिन लूथर ह्याचा जन्म जर्मनी देशातील आइस्लेबेन गावी 10 नोव्हेंबर 1483 रोजी झाला. त्याचा बाप हान्स हा शेतकऱ्याच्या कुळातला असून तांब्याच्या खाणीच्या धंद्यात कष्टाने वर आलेला होता. मुलाने कायदा शिकून मोठे व्हावे अशी त्याची इच्छा होती, म्हणून त्याने मार्टिनला एरफुर्टच्या विद्यापीठात पाठविले. तेथे 1505 साली तो एम. ए. झाला.

त्या काळी लोकांच्या मनावर मरणाचे व न्यायाचे भय फार होते. पटकीसारख्याच झपाट्याने माणसे मारणारी प्लेगची साथ वारंवार येई. उपासनामंदिरांत प्रभू येशूचे जे चित्र लोकांना पुष्कळदा दिसे, ते मेघधनुष्यावर न्यायासनी बसलेल्या, मुखातून तरवार निघालेल्या न्यायाधीशाचे असे. लूथरने पुढे स्वतःच सांगून ठेविले आहे की, बाळपणी ते चित्र पाहिले म्हणजे त्याला ख्रिस्ताची भीती वाटे. तारणारा म्हणून नव्हे, तर दंड देणारा म्हणून तो ख्रिस्ताला ओळखीत होता. शिवाय, जे विश्वासणारे मेले त्यांचे आत्मे स्वर्गी जाण्यापूर्वी शुद्धिस्थानात अग्नीने शुद्ध होतात, आणि जिवंतांनी केलेल्या मिस्सा, प्रार्थना व दानधर्म यांनी त्यांचा तेथील काळ कमी होतो, अशी शिकवण सर्वत्र चालू होती. त्यामुळे मनुष्याला मरतेवेळी शांती नसे, आणि मागे राहिलेल्यांनाही नसे.

2 जुलै 1505 रोजी, आईबापांना भेटून एरफुर्टला परत येत असता, स्टॉटर्नहाइम गावाजवळ त्याला वादळाने गाठले. वीज अगदी जवळ पडली. तो जमिनीवर कोसळला आणि भयाने संत ॲना हिचा धावा करून, आपण वाचलो तर मठवासी होऊ, असा त्याने नवस केला. त्या वेळी तो 21 वर्षांचा होता. विजेने मरू ह्यापेक्षा, मरून न्यायाधीशासमोर उभे राहावे लागेल, हेच त्याचे खरे भय होते. बापाचा राग ओढवून घेऊन तो पंधरा दिवसांच्या आत ऑगस्टिनी मठात दाखल झाला.

मठात त्याने उपास केले, थंडीत अंग कुडकुडत ठेविले, तासन्‌तास पापकबुली दिली. कबुली देऊन बाहेर पडावे तो आणखी एखादे पाप आठवावे, आणि पुन्हा मन अस्वस्थ व्हावे. आपण पुरेसा पश्चात्ताप केला की नाही, हे कोणी सांगावे? त्याचा वडील गुरू स्टाउपिट्झ हा दयाळू मनुष्य होता. त्याने त्याला स्वतःच्या पापांकडे पाहत न बसता ख्रिस्ताच्या जखमांकडे पाहावयास सांगितले. हा उपदेश बीजासारखा मनात राहिला, परंतु रुजावयास वेळ लागला.

1510 च्या सुमारास मठाच्या कामासाठी त्याला रोम शहरी जावे लागले. तेथे 28 पायऱ्यांचा एक जिना आहे. पिलाताच्या वाड्याचा तोच जिना, असे लोक मानीत. त्यावर गुडघ्यांनी चढून प्रत्येक पायरीवर प्रार्थना म्हटली असता शुद्धिस्थानातील एका जिवाची सुटका होते, असा समज होता. लूथर आपल्या आजोबाच्या आत्म्यासाठी तो जिना चढला. आपले आईबाप अद्यापि जिवंत आहेत, ते मेलेले असते तर त्यांनाही आपण सोडविले असते, अशी हळहळसुद्धा त्याला त्या शहरात वाटली, हे त्याने पुढे सांगितले. काय ही मनाची दशा! जन्मदात्यांचे जिवंत असणे हीच पुत्राला अडचण वाटावी! परंतु वरच्या पायरीवर पोहोचल्यावर, हे सर्व खरे कशावरून, ही शंका त्याच्या मनात आली व ती काही जाईना.

1512 साली तो विटेनबर्ग येथे शास्त्राचा डॉक्टर व शिक्षक झाला आणि स्तोत्रसंहिता व रोमकरांस पत्र शिकवू लागला. त्या पत्राच्या पहिल्या अध्यायातील सतराव्या वचनावर त्याने रात्रंदिवस मनन केले. तेथे देवाच्या न्यायीपणाविषयी लिहिले आहे. ह्या शब्दाचाच त्याला तिटकारा आला होता, कारण न्यायीपण म्हणजे पाप्याला दंड, एवढेच तो जाणत होता. शेवटी त्याला उमगले की, देव आपले न्यायीपण पाप्याला ख्रिस्ताठायी दान म्हणून देतो आणि पापी ते विश्वासाने घेतो. त्याला वाटले की जणू स्वर्गाची दारेच उघडली. जो शेवटच्या दिवशी न्याय करावयास बसणार, तोच अपराध्याच्या जागी आधीच उभा राहून शिक्षा भोगून गेला आहे. न्यायासन तेच राहिले. परंतु त्यावर बसलेला आता परका राहिला नाही.

ह्यानंतरची हकीकत सर्वश्रुत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. 1517 साली टेट्झेल नावाचा उपदेशक क्षमापत्रे विकीत विटेनबर्गच्या आसपास आला. पत्र विकत घेतले म्हणजे शुद्धिस्थानातील आप्ताची सुटका होते, असे सांगून तो गोरगरिबांकडून पैसा काढी. त्यातील निम्मा रोम येथील संत पेत्राच्या मंदिराच्या बांधकामास, व निम्मा तेथील मुख्य बिशपाने सावकाराकडून काढलेले कर्ज फेडण्यास जात असे. मेलेल्या आईबापांविषयी लेकरांची जी माया, तिच्यावर हा बाजार चालला होता. लूथरला हे सहन झाले नाही. 31 ऑक्टोबर 1517 रोजी त्याने 95 कलमे लिहून मुख्य बिशपाकडे धाडिली. तीच त्याने किल्ल्याच्या मंदिराच्या दारावर लाविली, असे परंपरा सांगते. 1521 च्या एप्रिलात वर्म्स येथे बादशहासमोर त्याने आपले लिखाण मागे घेण्याचे नाकारिले. वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपून असता त्याने नवा करार जर्मन भाषेत आणिला. तो 1522 साली व संपूर्ण पवित्र शास्त्र 1534 साली छापून निघाले.

1525 साली त्याने कॅथरीना फॉन बोरा हिच्याशी विवाह केला. ही बाई पूर्वी मठवासिनी होती. मोठी कष्टाळू व संसारदक्ष. त्यांस सहा लेकरे झाली. 1527 साली विटेनबर्गमध्ये प्लेग आला, तेव्हा विद्यापीठ दुसऱ्या गावी हलविण्यात आले. पण लूथर हलला नाही. मंडळी सोडून पाळकाने पळू नये, असे म्हणून तो राहिला, आणि त्याचे घर रोग्यांचे इस्पितळ बनले. त्या वेळी त्याने ह्या विषयावर एक लहानसे पुस्तक लिहिले. त्यात दफनभूमीविषयीही चार शब्द आहेत. ती गावाबाहेर असावी, शांत व नीटनेटकी असावी, आणि तेथे जाणाऱ्याने मरण, न्यायाचा दिवस व पुनरुत्थान ह्यांचे मनन करावे, असा त्याचा अभिप्राय होता. आपल्या गावच्या दफनभूमीतील झुडपे व मोकाट गुरे पाहिली म्हणजे हे शब्द आठवावेत असेच आहेत.

त्याच प्लेगच्या दिवसांत, डिसेंबर 1527 मध्ये, त्याची कन्या एलिझाबेथ जन्मली, आणि आठ महिने पुरे होण्यापूर्वीच, 3 ऑगस्ट 1528 रोजी, ती वारली. लूथरने एका मित्राला लिहिले की, आपले मन इतके दुबळे व हळवे झाले आहे ह्याचे आपणांसच नवल वाटते. लेकराकरिता बापाचे काळीज असे विरघळते हे आपणांस पूर्वी ठाऊक नव्हते.

पुढे 1530 साली ऑग्सबर्ग येथे राजसभा भरली. लूथरवर बादशहाचा बहिष्कार असल्यामुळे तो तेथे जाऊ शकत नव्हता व कोबुर्गच्या किल्ल्यात राहिला होता. जूनच्या आरंभी तेथे त्याला बाप वारल्याचे पत्र आले. त्याने स्तोत्रसंहिता उचलली, खोलीत जाऊन दार लावून घेतले, व तो इतका रडला की दुसरे दिवशी त्याचे डोके जड होते. त्याच उन्हाळ्यात, त्याच किल्ल्यात, त्याने शुद्धिस्थानाच्या शिकवणीचे खंडन करणारे पुस्तक लिहिले. वाचकहो, ह्या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. रोममध्ये ह्याच पुत्राला जिवंत बापाविषयी हळहळ वाटली होती. आता बाप खरोखर गेला, तर त्याच्या आत्म्यासाठी मोजावयास पायऱ्या नव्हत्या, की विकत घ्यावयास पत्र नव्हते. बाप ख्रिस्ताच्या हाती आहे, एवढे त्याला पुरे होते. व्यवहार संपला होता. उरले ते प्रेम, आणि प्रेमाबरोबर अश्रू.

मरण म्हणजे झोप, असे लूथर आपल्या लोकांस पुष्कळदा शिकवी. माणूस रात्री निजतो व सकाळी उठतो, मधला काळ किती गेला हे त्याला कळत नाही. तसेच विश्वासणारा मरणात निजतो, आणि प्रभू येऊन कबरेवर थाप मारून त्याला नावाने हाक मारील तेव्हा उठेल. ज्या दिवसाच्या नुसत्या विचाराने तो तरुणपणी थरथरत असे, त्या शेवटच्या दिवसाला तो उतारवयात प्रिय म्हणू लागला, आणि तो लवकर यावा म्हणून प्रार्थना करू लागला. 1542 साली त्याने प्रेतक्रियेच्या वेळी गावयाच्या गीतांचा एक संग्रह छापविला. मृतांसाठी चालणाऱ्या जुन्या मिस्सा व शोकाची गाणी ह्यांऐवजी पापक्षमा, विसावा, जीवन व पुनरुत्थान ह्यांची गीते ख्रिस्ती लोकांनी कबरेपाशी गावी, असे त्याने प्रस्तावनेत सांगितले.

त्याच वर्षी ह्या शिकवणीची परीक्षा त्याच्या स्वतःच्या घरात झाली.

माग्दालेना ही त्याची दुसरी कन्या. ती 4 मे 1529 रोजी जन्मली. त्याच वर्षी लूथरने घराघरांतील लेकरांसाठी लहान प्रश्नोत्तरावली लिहिली होती, व शेवटच्या दिवशी देव मला व सर्व मृतांना उठवील, हे तीत बालकांना शिकविले होते. ह्या शिकवणीच्या घरात माग्दालेना वाढली. ती गुणी व आज्ञाधारक मुलगी होती. 1542 च्या सप्टेंबरात, वयाच्या चौदाव्या वर्षी, ती आजारी पडली व दुखणे वाढत गेले. तिचा थोरला भाऊ हान्स टोरगाउ येथे शिकत होता. बहीणभावांचा एकमेकांवर फार जीव होता व ती त्याची आठवण काढीत होती. लूथरने त्याच्या गुरुजींना पत्र लिहून मुलाला ताबडतोब धाडावयास सांगितले, आणि कारण त्याला कळवू नये अशी विनंती केली.

शेवटल्या दिवसांत लूथरने तिला विचारिले की, इथे ह्या बापाजवळ राहणे तुला आवडेल, की त्या स्वर्गीय बापाकडे जाणेही आवडेल? देवाची इच्छा असेल तसे, असे तिने उत्तर दिले. बाप तोंड फिरवून उभा राहिला. देवाने आपणांवर इतके उपकार केले असता आपल्याने मनापासून त्याचे आभार मानवत नाहीत, ह्याबद्दल तो स्वतःलाच दोष देऊ लागला. 20 सप्टेंबरच्या रात्री, नऊच्या सुमारास, तो बिछान्याशी गुडघे टेकून रडत प्रार्थना करीत असता, ती त्याच्या हातांत निजली. कॅथरीनबाई त्याच खोलीत होती. परंतु दुःखामुळे तिला बिछान्याजवळ उभे राहवले नाही.

पेटीत ठेविलेल्या मुलीकडे पाहून लूथर म्हणाला की, ही पुन्हा उठेल व ताऱ्यासारखी, नव्हे, सूर्यासारखी प्रकाशेल. सुतार झाकणावर खिळे ठोकू लागले, तेव्हा त्याने त्यांस खुशाल ठोका म्हणून सांगितले. न्यायाच्या दिवशी ती उठणारच आहे. आणि ह्याच मनुष्याने त्याच वेळी कबूल केले की, ती शांतीत आहे व तिचे उत्तम आहे हे पक्के ठाऊक असूनही इतके दुःख व्हावे, हे मोठे नवल आहे. तीन दिवसांनी जोनास ह्या आपल्या मित्राला त्याने लिहिले की, आम्ही उभयतांनी देवाचे आभारच मानावयास पाहिजेत. परंतु मायेचे बळ असे आहे की हुंदक्यांवाचून ते आमच्याने होत नाही, तिची मुद्रा, तिचे बोलणे, तिची चाल अंतःकरणात खोल रुतून बसली आहे, आणि ख्रिस्ताच्या मरणाच्या चिंतनानेही हे दुःख जसे निघून जावयास पाहिजे तसे जात नाही.

वाचकहो, हे कोण लिहितो? ज्याने अर्ध्या युरोपखंडाला पुनरुत्थानाच्या आशेचा उपदेश केला, तो. आपल्या अश्रूंची त्याला लाज वाटली नाही, आणि त्या अश्रूंमुळे त्याची आशाही खोटी ठरली नाही.

ह्या दुःखात त्याच्याकडून सर्वच वेळी सारखे वागणे झाले असेही नाही. हान्स टोरगाउला परत गेला, पण त्याचे मन लागेना. डिसेंबरात तो घरी यावयास निघू पाहत होता. तेव्हा बापाने त्याला लिहिले की, पुरुषासारखा धीर धर, अश्रू आवर, आईच्या दुःखात भर घालू नकोस, आणि खरोखर आजारी नसशील तर अभ्यास सोडून येऊ नकोस. सोळा वर्षांच्या पोराला हे कठीण गेले असेल. इतरांना आपण जो धीर सांगतो तो स्वतःला सांगता येत नाही, हा अनुभव थोरांनाही चुकत नाही.

आणि लूथरचे चरित्र सांगताना आणखी एक गोष्ट झाकून ठेवणे बरे नव्हे. 1543 साली त्याने यहूदी लोकांविरुद्ध अत्यंत कठोर व द्वेषयुक्त पुस्तक लिहिले. त्या लिखाणाचा पुढे दुष्ट माणसांनी उपयोग केला, आणि विसाव्या शतकात त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मंडळ्यांनीही त्याचा उघड निषेध केला. ज्या न्यायासनाविषयी त्याने इतके शिकविले, त्या न्यायासनापुढे हे पुस्तकही ठेविले जाईल. तेथे तो उभा राहील तो आपल्या थोरवीवर नव्हे, तर ज्या कृपेचा त्याने उपदेश केला, केवळ त्या कृपेवर. आपलेही तसेच आहे.

1546 च्या जानेवारीत, भर हिवाळ्यात, मान्सफेल्डच्या सरदार घराण्यातील तंटा मिटविण्यासाठी तो आपल्या जन्मगावी आइस्लेबेनला गेला. तंटा मिटला, परंतु त्याची प्रकृती ढासळली. 18 फेब्रुवारीच्या पहाटे, मार्टिन व पौल हे त्याचे दोन मुलगे जवळ असता, मित्रांनी त्याला मोठ्याने विचारिले की, ख्रिस्तावर व आपण शिकविलेल्या शिकवणीवर भरवसा ठेवून आपण मरता ना? त्याने स्पष्ट होकार दिला, आणि थोड्याच वेळात तो निजला. त्याचे वय 62 वर्षांचे होते. 22 फेब्रुवारीला विटेनबर्ग येथील किल्ल्याच्या मंदिरात त्याची माती झाली. ज्याच्या दाराशी त्याचे नाव कायमचे जोडले गेले आहे, तेच हे मंदिर. विजेने भ्यालेला तो तरुण आता तेथे हाकेची वाट पाहत निजला आहे.

आता आपल्या अंगणातील त्या पेटीकडे पुन्हा येऊ. लाजराला आपण थोड्याच वेळात उठविणार, हे प्रभू येशूला ठाऊक होते. तरी त्याच्या कबरेकडे जाताना तो रडला. थेस्सलनीका येथील मंडळीला पौलाने रडण्याची मनाई केली नाही. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखे तुम्ही खिन्न होऊ नये, एवढेच त्याने सांगितले. आशा नसलेल्याचे रडणे निराळे, आणि आशा असलेल्याचे निराळे. पहिल्याला वाटते की सर्व संपले. दुसऱ्याला ठाऊक असते की भेट होणार आहे, परंतु आज घरातली ती जागा रिकामी आहे. बी पेरताना कुणब्याला पिकाची आशा असते. तरी कोठीतले धान्य मातीत जाते, ह्याचे दुःख दुष्काळाच्या वर्षी त्यालाही असतेच.

म्हणून ह्यापुढे कोणाच्या घरी मरण आले तर आईला दटावू नका. तिच्याजवळ बसा. तिला रडू द्या. बसवेल तितका वेळ तुम्हीही रडा. मग पुनरुत्थानाचे गीत सुरू करा, आणि तिचा आवाज फुटत नसेल तर तिच्या वाटचे तुम्ही गा. पेटीवर खिळे ठोकण्याची वेळ येईल तेव्हा विटेनबर्गचा तो बाप आठवा. डोळ्यांत पाणी असतानाच त्याने सुतारांना ठोका म्हणून सांगितले, कारण ते झाकण कायमचे नाही, हे त्याला ठाऊक होते.